राष्ट्रगीतापुरती शांतता

तुम्ही खोटं बोललात, संचालकसाहेब. खुर्चीत मागे रेलून, दार सताड उघडं ठेवून, मनिलाला फोन लावून तुम्ही म्हणालात, "नाही हो डॉक्टर, तो रेणू बनतच नाही. कागदावर छान दिसत होता. आमच्या बाईंची उडी जरा मोठीच होती." आणि वर हसलात. दारात रुफिना इनोक उभी होती. त्याच रेणूच्या तपासणीचा आलेख तिच्या हातात होता, आणि तो तुम्हीच मागवला होता. तुम्ही तिला पाहिलंत, फोनच्या तोंडावर हात ठेवलात आणि म्हणालात, "नंतर ये, फिना."

खोटं बोलताना माणसं दार लावून घेतात. तुम्हाला तेवढाही त्रास घ्यावासा वाटला नाही. ऐकणारी फिनाच होती ना, सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावरची. तिने ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय.

फिना कोण हे तुम्हाला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगावं लागतं. फिलिपिन्समधल्या मक्तान बेटाच्या किनाऱ्यावरच्या या सागरी संस्थेत ती पेप्टाइडं जुळवते. समुद्रातल्या शंकूगोगलगायीच्या विषात काय काय असतं ते शोधायचं, त्यातला एखादा रेणू निवडायचा, आणि तो गोगलगायीशिवाय, यंत्रात, एकेक अमिनो आम्ल जोडत पुन्हा घडवायचा. माळ ओवण्यासारखंच, फक्त शेपटीकडून सुरुवात करायची आणि मणी डोळ्यांना दिसत नाहीत. फिना काही देवमाणूस नाही. भांडखोर आहे. चांगली काचेची भांडी स्वतःच्या खणात दडवून ठेवते, दिवसभर सुकवलेला आंबा चघळते, आणि कराओकेला बसली की माइक सोडत नाही, आवाज फाटका असूनही. तिने आजवर काही घाणे बिघडवले, तेव्हा तिने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. तुमच्यात आणि तिच्यात फरक असलाच तर तेवढाच.

या गोगलगायीचा एक रेणू वेदना वाहणाऱ्या नसांचं तोंड बंद करतो. माशाला मारला की मासा जागच्या जागी आखडतो. माणसाला अगदी थोडा दिला तर दुखणं थांबतं, पण डोकं गरगरायला लागतं, हात थरथरतात, भलतंसलतं दिसतं. फिनाने त्या माळेतले दोन मणी बदलले. गरगर कमी होईल असा तिचा अंदाज होता. मनिलाच्या डॉक्टर वेलास्को बाईंना तो पटला. त्या म्हणाल्या, "बनवून पाठव, उंदरांवर बघू." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी फिनाच्या डोक्यातली गोष्ट मागत होतं, हातातली नाही.

बदललेल्या मण्यांमधला एक नाजूक होता. आपल्या शेजाऱ्यावरच वळून चावायची त्याला खोड. ती फिनाला माहीत होती, आणि काळजी घेतली तर सांभाळता येत होती.

आणि मग तुम्हाला उद्घाटन सुचलं.

यंत्र जपानातून जुनं म्हणून दान आलेलं. वर्षभर विनाआशीर्वाद, विनाफीत चालत होतं आणि बरं चालत होतं. पण काँग्रेसमनच्या पत्नीला शुक्रवार मोकळा होता. म्हणून यंत्र शुक्रवारी नवं झालं.

"फिना, त्या दिवशी मशीन चालू दिसलं पाहिजे," तुम्ही म्हणालात. "दिवे लुकलुकले पाहिजेत."

"रिकामं फिरवते, सर. नुसता द्रव सोडते. कुणाला कळणार नाही."

"रिकामं? मॅडमना मी रिकामं भांडं दाखवू? तुझाच रेणू लाव की. तेवढंच तुझं नाव होईल."

"सर, एकदा लावलं की मधे हात लावायचा नाही त्याला. माळ पुरी होईपर्यंत."

"अगं, कोण लावतंय हात?"

तेवढंच तुझं नाव होईल. फिना त्या चार शब्दांना भुलली. तुम्ही मासा बघून गळ टाकता, हे मात्र मानावं लागेल.

गुरुवारी तिने यंत्रावर कागद चिकटवला, 'कोणीही थांबवू नये'. शुक्रवारी सकाळी सजावटवाल्यांनी तो काढला, कारण तिथे फीत यायची होती. भिंतीवर काँग्रेसमन आणि त्यांच्या पत्नीचा चेहरा असलेला फलक लागला, यंत्राहून मोठा. गोगलगायीचं चित्रही होतं, पण कोपऱ्यात, आणि तीही चुकीची जात.

चेरी लू म्हणून एक पोरगी फिनाच्या हाताखाली काम करते. नवीनच पास झालेली, हुशार, भित्री. इथे थोरल्या बाईला नांग म्हणतात, थोरल्या पुरुषाला नोंग आणि धाकटीला दाय. ती म्हणाली, "नांग फिना, पाद्री पाणी शिंपडतील त्याचं काय? वर सगळ्या तारा उघड्याच आहेत."

"प्लास्टिक टाकते वरून. कँटीनच्या टेबलावरचं आणलंय."

"पाप लागेल हां, नांग."

"लागलं तर मशीनला लागेल, दाय. कंत्राट तर माझंच संपतंय, त्याचं नाही."

दोघी हसल्या. पाण्याची भीती सगळ्यांनाच होती. तुमची कुणालाच नव्हती.

पाद्री क्रिसांतो आले, त्यांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. थेंब प्लास्टिकवरून घरंगळत फरशीवर गेले. म्हातारा गालात हसला. "पोरी, याला रेनकोट घातलास होय? बरं केलंस. देवाला आतलं दिसतं." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या कपाळाला आठी पडली, ती मागच्या रांगेपर्यंत दिसली.

मग राष्ट्रगीत. स्पीकरवरून सुरू झालं, सगळे ताठ, उजवा हात छातीवर. यंत्राला राष्ट्रगीत कळत नाही. त्याच्या पोटातून वायू सुटतो, माळ जिच्यावर ओवली जाते ती तळाची राळ ढवळली जाते, झडप वाजते. फुस्स. खट्. फुस्स. तिसऱ्या वेळेला मॅडमच्या ओठांची कड हलली. बाईंना हसू येत होतं, त्यात त्यांचा दोष नाही. आवाज तसाच होता. तुमचा चेहरा मात्र लालबुंद झाला. उजवा हात तुम्ही छातीवर तसाच ठेवलात. डावा हात मागे गेला, चाचपडला, आणि त्याने बटण दाबलं.

किती छान शांतता झाली. फक्त गीत राहिलं.

फिनाने ते पाहिलं. तिचा हात छातीवर होता. तो हात काढून, सगळ्यांसमोर, मधेच पुढे जाऊन बटण पुन्हा दाबायला हवं होतं. ती गेली नाही. आपल्याकडे गीत चालू असताना कुणी हलत नाही, शाळेपासून ते हाडात मुरलेलं असतं. ती उभी राहिली.

त्या वेळी यंत्रात काय चाललं होतं ते सांगतो, समजायला अवघड नाही. माळेतल्या प्रत्येक मण्याला टोपी घातलेली असते. पुढचा मणी जोडायचा तर ती टोपी आधी काढावी लागते, आणि टोपी काढणारा एक द्रव असतो, सडक्या माशासारखा वास मारणारा. माळ त्यात थोडा वेळ बुडवायची, द्रव लगेच काढून टाकायचा, धुवायचं. जास्त वेळ बुडलेली राहिली की तो नाजूक मणी मागे वळतो आणि स्वतःच्याच माळेला चावतो. तुम्ही यंत्र थांबवलंत तेव्हा माळ नेमकी त्या द्रवात होती. शंभर ठिकाणी थांबवता आलं असतं. तुमची निवड अचूक असते.

गीत संपलं. फिना पुढे झाली. "सर, ते मशीन..."

"फिना, मॅडमना गोगलगायी दाखव ना," तुम्ही मोठ्याने म्हणालात. मॅडम हसून वळल्या. पाहुणीला पाठ दाखवून यंत्राकडे धावायची ताकद फिनाच्या घराण्यात कुणाला नव्हती. जाताजाता ती चेरी लूच्या कानात म्हणाली, "दाय, पळ. चालू कर."

टाक्यांपाशी नोंग तेबान होते. गोगलगायींचं खाणंपिणं, पाणी, विष काढणं, सगळं त्यांच्याकडे. हा म्हातारा एका छोट्या नळीच्या तोंडावर रबराचा पडदा ताणतो, त्यावर माशाच्या पराचा तुकडा ठेवतो आणि नळी गोगलगायीपुढे धरतो. ती मासा समजून दात मारते, विष नळीत उतरतं.

"हे रबर कसलं हो, नोंग?" मॅडमनी विचारलं.

तेबाननी पाद्रींकडे बघितलं, मग टाकीकडे. "फुगा आहे, मॅम."

"असला फुगा मी बाजारात पाहिला नाही."

"आरोग्य केंद्रात मिळतो, मॅम. फुकट. तिथल्या नर्सबाया मला म्हणतात, नोंग, या वयात?"

पाद्री खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळले. मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. एरवी फिनाही हसली असती. ती दाराकडे बघत होती, आणि दारात चेरी लू आली ती मान हलवतच.

"कुलूप आहे, नांग. पाहुण्यांच्या पर्सा आणि भेटवस्तू आत ठेवल्यात. किल्ली सरांच्या खिशात."

जेवण अंगणात होतं. आख्खं भाजलेलं डुक्कर, म्हणजे लेचोन, पानात विणून शिजवलेला पुसो भात, कोळंबी. फिना तुमच्या टेबलापाशी आली आणि वाकून म्हणाली, "सर, किल्ली द्या ना. मशीन बंद पडलंय."

"बस आधी. मॅडम, ही आमची फिना. कामापुढे हिला भूक दिसत नाही."

"सर, खरंच पाच मिनिटं..."

"फिना." तुम्ही हसतच म्हणालात, पण दात मिटून. "पाहुणे जेवतायत."

मॅडमनी स्वतःच्या हाताने लेचोनच्या कातडीचा तुकडा तोडला, कुरकुरीत, पाठीवरचा, जो मानाच्या माणसाला देतात. फिनाच्या ताटलीत ठेवला. "खा गं. किती वाळलीयस." बाईंचा हेतू चांगला होता, म्हणूनच नकार देता येईना. फिना बसली. तिने खाल्लं. कातडीचा कुरकुर आवाज तिला स्वतःच्याच दाढांत ऐकू येत होता आणि तिकडे बंद खोलीत तिची माळ सडत होती.

मॅडमच्या भाषणानंतर आणखी एक झालं. तुमचं. त्यात 'संशोधन' हा शब्द इतक्यांदा आला की चेरी लूला ढेकर आली.

किल्ली मिळाली शेवटची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर. फिनाने प्लास्टिक ओढून काढलं. पांढरी राळ पिवळट झाली होती. शहाण्या माणसाने ती तिथेच फेकून दिली असती. फिनाने धुतली, यंत्र चालू केलं आणि उरलेली माळ पुरी ओवली. आशा म्हणा, खुळेपणा म्हणा. पुढच्या आठवड्यात रेणू राळेवरून सोडवला, वजन केलं. हवा होता तो चिमूटभरही नाही. जो होता त्याचं वजन बरोबर पाण्याच्या एका रेणूइतकं कमी. मणी चावला की एवढंच वजन गळतं. सगळी संस्था यंत्रावर पाणी पडेल म्हणून घाबरली होती, आणि शेवटी कमी पडलं ते पाणीच.

कँटीनमध्ये निकाल आधीच लागला होता. नोंग तेबान ताट घेऊन तिच्याशेजारी बसले.

"राग मानू नको, दाय. पण आशीर्वाद त्या प्लास्टिकवरून वाहून गेला. लोक म्हणतायत."

"तुमच्या गोगलगायींना आरोग्य केंद्राचं रबर चालतं, नोंग, आणि माझ्या मशीनला टेबलाचं प्लास्टिक चालत नाही?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं?"

म्हाताऱ्याने भाताचा घास कालवला. "बटण मीही पाहिलं," तो हळूच म्हणाला. "पण मला काय कळतंय त्यातलं."

तेबान म्हातारे आहेत, त्यांना माफ. तुम्ही मात्र त्यांच्याच कँटीनमधली अफवा उचललीत, तिला कोट-टाय घातला आणि बैठकीत आणलीत. प्लास्टिकच्या आवरणामुळे यंत्र तापलं, असं तुमचं म्हणणं. आवरण रुफिना इनोक यांनी विनापरवानगी घातलं.

"सर, यंत्र थांबवलं होतं," फिना म्हणाली. "माळ द्रवात बुडून राहिली. आलेखात स्वच्छ दिसतंय."

"थांबवलं कुणी? वीज गेली असेल."

"वीज गेली असती तर राष्ट्रगीतही बंद पडलं असतं, सर."

चेरी लू टेबलाच्या पृष्ठभागाकडे बघत राहिली, जणू तिथे काहीतरी लिहिलंय. आणि तुम्ही, संचालकसाहेब, तुम्ही जरा पुढे झुकलात आणि अगदी दुखावल्या आवाजात म्हणालात, "राष्ट्रगीत चालू असताना तुझं लक्ष मशीनकडे होतं, फिना?"

वा. माणसाने असं निर्लज्ज असावं. रेणू मारला तुम्ही, आणि देशद्रोही ठरली ती.

बैठकीतलं प्लास्टिक मनिलाला सांगण्यासारखं नव्हतं. तिथली माणसं हसली असती. म्हणून तिकडे दुसरं खोटं, ते दारातलं: रेणू बनतच नाही. आतल्यांसाठी एक, बाहेरच्यांसाठी एक. दोन्हींचा एकमेकांशी मेळ नाही, पण विचारणार कोण?

फिनाने डॉक्टर वेलास्कोंना स्वतः फोन लावला.

"मला तुझं खरं वाटतंय गं," बाई म्हणाल्या. "तू पाठवलेला आलेख पाहिला मी. पण समितीपुढे तुझा आलेख एकीकडे आणि संचालकांचं म्हणणं दुसरीकडे. ते कोणाचं धरतील?"

"परत करून देते ना मी. सामान आहे. राळ आहे."

"करशील, माहीत आहे. पण तोवर तुझी जागा राहायला हवी. उंदरांवरच्या चाचण्यांची रांग मोठी आहे, फिना. मला संचालकांकडून एक वाक्य आणून दे. यंत्र मधेच थांबलं म्हणून बिघडलं, रचनेत चूक नाही. बस. ते नाही आलं तर सोमवारी मला दुसऱ्या कुणाचा रेणू घ्यावा लागेल, आणि तुझ्यावर 'बनत नाही' हा शिक्का बसेल. मग तो कुणी पुसत नाही."

म्हणजे एवढंच. पैसे नकोत, यंत्र नको, माफीसुद्धा नको. एक वाक्य.

ती तुमच्या दाराशी गेली. या वेळी दार बंद होतं. बाहेर तुमची सेक्रेटरी मिस आल्मा.

"सर मीटिंगमध्ये आहेत, नांग."

आतून टीव्हीवरच्या कोंबड्यांच्या झुंजीचा आवाज येत होता. पंखांची फडफड, माणसांची आरडाओरड, मग पैजेचा आकडा सांगणारा गडी. मिस आल्मा लाजून कागद नीट करू लागली.

"थांबते मी," फिना म्हणाली.

"वेळ लागेल हो."

"लागू दे."

भिंतीकडेला एक लाकडी बाक आहे. त्यावर बहुतेक ठेकेदार बसतात. फिनाने पांढरा कोट काढला. बाह्या आत घेतल्या, घडी केली, मांडीवर ठेवला. आत तिने निळा ब्लाऊज घातला होता, इस्त्रीचा. त्या दिवशी ती ठेवणीतल्या चपला घालून आली होती, हे मिस आल्माच्या लक्षात आलं.

बायका-पुरुष येत-जात राहिले. काहींनी मान हलवली. काही तिला चुकवायला पायऱ्यांनी गेले, एरवी ते कधी पायऱ्यांनी जात नाहीत. चेरी लू आली, थांबली.

"नांग, मी बोलले असते. पण माझं कंत्राट जूनमध्ये..."

"माहीत आहे, दाय. जा तू."

"तुम्ही रागावलात ना?"

"तुझ्यावर नाही. टाकी क्रमांक दोनचं पाणी बघ, नोंगना दिसत नाही हल्ली."

चेरी लू गेली, मागे न बघता, पण हळू.

मिस आल्माने एकदा चहा विचारला. एकदा बिस्किटं. मग वाकून म्हणाली, "नांग, खरं सांगू? घरी जा. सर मागच्या जिन्याने उतरतात."

"उतरू देत. उद्या चढतील ना पुढच्याच जिन्याने."

"उद्याही बसणार?"

"सोमवारपर्यंत बसायचंय मला," फिना म्हणाली. "मग वेळ निघून जाईल."

संचालकसाहेब, तुमच्या दाराला तळाशी बोटभर फट आहे. तिथून तिच्या चपलांची टोकं तुम्हाला दिसत असतील. पाय जुळवून, जमिनीला टेकवून बसली आहे ती. हलत नाही. तुमच्यासमोर न हलण्याची तिला सवय आहे, एकदा हलली नाही त्याचीच तर ती किंमत मोजते आहे. पण आता गीत चालू नाही. कोंबडा कुठलाही जिंको, तुमचा आवाज बाहेर येतोय, म्हणजे तुम्ही आत आहात. फोन तुमच्या उजव्या हाताला आहे. मनिलाचा क्रमांक तुम्हाला पाठ आहे. खोटं सांगताना तुम्ही तो न बघता फिरवलात.

सांगा, तिचा रेणू कुणी मारला? आणि ते मनिलाला तुम्ही सोमवारआधी सांगणार आहात की नाही? हो की नाही, तेवढं दार उघडून बोला.